थकलेल्या पाठीचा हक्क

शव्वालचा महिना, ऐन उन्हाळा आणि लग्नसराईचे दिवस. असरची नमाज आटोपून लोक पांगले, तरी मंगळवेढ्यातील आमच्या मोहल्ल्यातले एक गृहस्थ मशिदीच्या हौदाच्या कठड्यावर बसून राहिले होते. वयाने ते माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. घरी नवरदेवाला बसवण्याची घोडी. त्यांचे वडील टांगा हाकत असत. पुढे रिक्षा आल्या, टांगा मोडीत निघाला, घोडी मात्र दावणीला राहिली आणि वरातींवर घर चालू लागले. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. गावात घोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, तिच्या नावावरून मालक ओळखू येईल.

वडिलांनी हे शिंगरू धनगरांच्या वाड्यावरून आणले तेव्हा हे गृहस्थ १२ वर्षांचे होते. भीमथडीची ती जात, अंगाने लहान, पायाने चिवट. मेंढ्यांमागे सारा संसार पाठीवर घेऊन चालणारी. आज ते ३८ वर्षांचे आहेत आणि घोडी २६ वर्षांची. घोड्याचे आयुष्य साधारण २५ ते ३० वर्षांचे मानले जाते, म्हणजे तिचे आता उतरणीचे दिवस. दोन वर्षांपासून उन्हाळ्यातही तिच्या अंगावरचे केस झडेनासे झाले. मग पुढच्या दोन्ही खुरांना दाह सुरू झाला. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराचे कवच आणि आतले हाड यांना जोडणारा नाजूक थर त्यात सुजतो, सैल होतो आणि हाड जागचे सरकू लागते. घोडी सारा भार मागच्या पायांवर टाकून, पुढचे पाय लांब करून उभी राहते. एकेक पाऊल तिला निखाऱ्यावर ठेवल्यासारखे होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते की वेदना कमी करता येतील, रोग जाणार नाही.

त्यांना तीन जणांनी तीन सल्ले दिले होते. एक दलाल म्हणाला, उभी आहे तोवर विकून टाका. शेजारी म्हणाले, माळावर सोडून द्या, रिज्क देणारा अल्लाह आहे. तिसऱ्याने सुचवले की डॉक्टरांकडून सुई देऊन तिला मोकळे करा, तुम्हीही मोकळे व्हा. हे सारे सांगून त्यांनी विचारले, “मौलाना, यांतले कोणते शरीयतला मान्य आहे? आणि चौथे काही असेल तर तेही सांगा.”

त्या क्षणी माझ्यापाशी नीट उत्तर नव्हते, हे कबूल केले पाहिजे. मदरशात आम्ही फिकहचे ग्रंथ शिकलो. नफक्याच्या, म्हणजे पोटगी-पालनाच्या प्रकरणाच्या अगदी अखेरीस जनावरांविषयी काही ओळी येतात आणि तोवर वर्ष संपत आलेले असते. परीक्षेतही तो प्रश्न सहसा येत नाही. मी त्यांच्याकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत आणि पुढेही जे वाचले, विचारले, ते वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवतो. मंगळवेढ्यात हा प्रश्न घोडीचा होता. इतरत्र तो भाकड म्हशीचा, लंगड्या बैलाचा किंवा आंधळ्या झालेल्या कुत्र्याचा असेल.

पवित्र कुरआनात घोड्याचा उल्लेख येतो तेव्हा सहसा सूरह आदियात आठवते. ११ आयतींची ही लहानशी सूरह आपल्यापैकी अनेकांना पाठ असते. धापा टाकत धावणाऱ्या, टापांनी ठिणग्या उडवणाऱ्या, पहाटे धूळ उडवत शत्रूच्या फळीत घुसणाऱ्या घोड्यांची शपथ तिच्यात आहे. हजरत अली (र.) यांनी येथे हजच्या उंटांचा अर्थ घेतला, बहुतेक भाष्यकार हजरत इब्न अब्बास (र.) यांच्या मतानुसार घोडेच मानतात. या वेगवान चित्रानंतर सहाव्या आयतीत एकदम विषय पालटतो आणि माणूस आपल्या पालनकर्त्याशी कृतघ्न आहे, असे सांगितले जाते. मदरशात असताना हा सांधा मला कळत नसे. घोड्यांचा आणि माणसाच्या कृतघ्नतेचा संबंध काय? मूठभर चाऱ्यासाठी हा प्राणी धन्याच्या शब्दाखातर भाल्यांच्या फळीवर छाती देतो. आणि ज्याला सर्व काही मिळाले तो माणूस देणाऱ्याला विसरतो. आयतीतील ‘कनूद’ या शब्दाचा अर्थ हजरत हसन बसरी (रह.) यांनी असा केला आहे की संकटे मोजत बसणारा आणि देणग्या विसरणारा. म्हाताऱ्या घोडीच्या औषधाची पावती हातात घेतल्यावर मागील २६ वर्षांचा हिशेब विसरणे, हे त्याच वृत्तीचे लहान रूप आहे.

सूरह नहलच्या आठव्या आयतीत घोडे, खेचरे आणि गाढवे यांच्या निर्मितीची दोन प्रयोजने सांगितली आहेत: सवारी आणि शोभा. वरातीची घोडी तर दोन्हींचा मेळ. झूल, गोंडे, कपाळावरचा तुरा आणि पाठीवर नवरदेव! मग जी आता सवारीच्या कामाची नाही आणि जिच्या अंगावरचे केस गुंतून जटा झाल्या आहेत, तिच्याशी असलेला संबंध संपला का? या प्रश्नाचे उत्तर मला सूरह अन्आमच्या ३८ व्या आयतीत मिळाले. पृथ्वीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असा तिचा आशय आहे, आणि अखेर ते सारे आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जातील, असेही ती सांगते. म्हणजे प्राण्याचे अस्तित्व माणसाच्या उपयोगापुरते नाही. उपयोग ही अल्लाहने आपल्याला दिलेली सवलत आहे. सवलतीची मुदत संपली म्हणून ज्याच्याकडून ती घेतली त्याचे देणे संपत नाही.

हदीसमध्ये घोडा पाळणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू हुरैरा (र.) यांच्याकडून ही हदीस आली आहे. एकासाठी घोडा पुण्य ठरतो, एकासाठी आडोसा आणि एकासाठी पापाचा भार. अल्लाहच्या मार्गात घोडा बाळगणारा पहिला. मिरवण्यासाठी आणि वैर धरण्यासाठी बाळगणारा तिसरा. मधला तो, जो कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून घोडा पाळतो. आमचे टांगेवाले, वरातवाले याच मधल्या प्रकारात येतात. परंतु त्या आडोशाला एक अट जोडलेली आहे: घोड्याच्या मानेवर आणि पाठीवर अल्लाहचा जो हक्क आहे, तो या माणसाने विसरलेला नसावा. काही फकीहांनी येथे जकातचा अर्थ घेतला, काहींनी चारापाणी आणि झेपेल इतकेच ओझे असा घेतला. मला येथे ‘हक्क’ हा शब्द थांबवतो. आपण म्हाताऱ्या जनावराला सांभाळणाऱ्या माणसाला दयाळू म्हणतो, त्याचे कौतुक करतो. दया करणे न करणे आपल्या हाती असते. हक्काचे तसे नसते, तो चुकता करावा लागतो.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाला सर्वांत जवळची हदीस. ती इमाम दारिमी यांच्या संग्रहात हजरत जाबिर (र.) यांच्याकडून आली आहे. प्रवासातून परतताना एक उंट धावत येऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे बसला. प्रेषितांनी त्याच्या मालकांची चौकशी केली. काही अन्सारी तरुण पुढे आले आणि म्हणाले की उंट आमचा आहे. त्यांनी वीस वर्षे त्याच्यावर पाणी ओढले होते. आता तो म्हातारा झाला होता, अंगावर थोडी चरबी होती, म्हणून कापून आपापसात वाटून घ्यावा असा त्यांचा बेत होता. प्रेषितांनी तो विकत मागितला. तरुणांनी तो मोफत देऊ केला. तेव्हा प्रेषितांनी त्यांना सांगितले की तसे असेल तर त्याचा नेमलेला काळ येईपर्यंत त्याच्याशी चांगले वागा.

अशाच प्रकारची एक घटना अबू दाऊद यांनी हजरत अब्दुल्लाह बिन जाफर (र.) यांच्याकडून दिली आहे. तेथे मळ्यातील उंटाच्या डोळ्यांतून पाणी वाहते आणि प्रेषित (स.) त्याच्या कानामागे हात फिरवतात तेव्हा तो शांत होतो. मालकाला सुनावले जाते ते उपासमारीबद्दल आणि अतिश्रमाबद्दल. ही हदीस आपल्या वाझमध्ये वरचेवर येते. दारिमींच्या कथनात मात्र एक वेगळीच गोष्ट आहे, आणि ती आपण फारशी सांगत नाही. तेथील मालक क्रूर नाहीत. उंट हलाल जनावर, त्यांच्या मालकीचे. कापणे कायद्याने पूर्ण वैध. तरीही प्रेषितांनी वीस वर्षांच्या सेवेला वजन दिले. जे जायज आहे ते प्रत्येक वेळी शोभतेच असे नाही.

येथे कोणी सूरह साद काढेल. तिच्या ३१ ते ३३ या आयतींत हजरत सुलैमान (अ.) यांच्यापुढे संध्याकाळी उमदे घोडे आणले जातात, ते दृष्टीआड होतात, पुन्हा बोलावले जातात, आणि मग ते त्यांच्या पायांवरून व मानांवरून ‘मसह’ करू लागतात. या शब्दाचे दोन अर्थ लावले गेले. घोड्यांच्या नादात नमाजची वेळ गेली म्हणून त्यांनी घोडे कापले, असा एक. ते मायेने पायांवरून, मानेवरून हात फिरवू लागले, असा दुसरा. इब्न कसीर (रह.) यांचा कल पहिल्याकडे आहे. त्यांच्याहून कितीतरी आधीचे इमाम तबरी (रह.) यांनी हजरत इब्न अब्बास (र.) यांचा आधार घेऊन दुसरा अर्थ अधिक योग्य ठरवला आणि कारणही दिले: पाहण्यात गुंतले ते स्वतः, घोड्यांचा काही अपराध नव्हता, आणि अल्लाहचा प्रेषित निरपराध जनावराला शिक्षा करणार नाही. इमाम राजी (रह.) यांनीही कापण्याचा अर्थ नाकारला आहे. दोन्ही बाजूंना मोठी माणसे आहेत, तेव्हा निकाल देणारा मी कोण? पण आपल्या गृहस्थांना मी दुसराच अर्थ सांगितला. घोड्याला ज्याने आयुष्यभर खरारा केला आहे त्याला तो अर्थ समजावून द्यावा लागत नाही. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्येही आहे की प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या चादरीने घोड्याचे तोंड पुसताना दिसले, विचारल्यावर त्यांनी सांगितले की घोड्यांच्या बाबतीत रात्री मला समज देण्यात आली.

हे झाले प्रेम आणि आदर. पण प्रेमाने चारा विकत मिळत नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी तीन मुले शाळेत होती. म्हणून फकीहांकडे वळतो.

हनफी ग्रंथांत असे आहे की जनावराला चारापाणी देणे मालकावर अल्लाहच्या दृष्टीने बंधनकारक आहे. काझी त्यासाठी सक्ती करू शकतो का, एवढ्यावरच मतभेद. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते हे देणे बंदा आणि अल्लाह यांच्यातील आहे, इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते काझीने सक्ती करावी. अन्य तिन्ही इमामांचे म्हणणेही साधारण असेच की मालकाने खायला घालावे, नाहीतर विकावे, नाहीतर भक्ष्य जनावर असल्यास जबह करावे; उपाशी ठेवण्याचा मार्ग कोणाच्याही मते खुला नाही. आणि हे सर्व तरुण, कामाच्या जनावराबद्दल आहे असे कोणी समजू नये. दमास्कसचे आणि नंतर मिसरचे प्रख्यात फकीह इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू हिजरी ६६०) यांनी ‘कवाइदुल अहकाम’ या ग्रंथात जनावरांचे माणसांवरील हक्क मोजताना पहिलाच हक्क खर्चाचा सांगितला, आणि जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन त्याचा काहीही उपयोग उरला नसला तरी तो कायम राहतो, असे स्पष्ट नमूद केले. साडेसातशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे लेखन आहे. त्याच दमास्कसमध्ये थकलेल्या, मालकांनी टाकून दिलेल्या जनावरांना मरेपर्यंत चरता यावे म्हणून एक हिरवे कुरण वक्फ केलेले होते, हे मुस्तफा सिबाई यांनी नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडे वक्फ म्हटले की दुकानांची भाडी आणि कोर्टातील तारखा आठवतात. एके काळी त्यात म्हाताऱ्या घोड्याचा घासही बसत होता.

आता ते तीन सल्ले.

विकण्यास शरीयतने मनाई केलेली नाही. पण दोष लपवून विकणे फसवणूक आहे, आणि दोष सांगून विकली तर २६ वर्षांची लंगडी घोडी घेणार कोण आणि कशासाठी? जो घेईल तो वेदनाशामक टोचून आणखी दोन हंगाम तिच्याकडून काढून घेईल, अशी भीती मालकाला स्वतःलाच होती. हजरत उमर (र.) यांनी एक घोडा अल्लाहच्या मार्गात देऊन टाकला होता. ज्याला दिला त्याने त्याची आबाळ केली. ते पाहून हजरत उमर (र.) यांना राहवेना, त्यांनी तो परत विकत घेण्याचा विचार केला. प्रेषितांनी त्यांना रोखले, कारण दिलेले दान परत घेण्यासारखे ते झाले असते. या हदीसचा मूळ मुद्दा दानाचा आहे. मला मात्र तिच्यात हेही दिसते की घोडा एकदा हातातून गेला की त्याचे हाल नुसते पाहत राहण्याची पाळी हजरत उमर यांच्यावरही आली. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेरफटक्यासाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली. तेव्हाही मालकांच्या पोटापाण्याबरोबर घोड्यांचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिलाच.

सोडून देण्याच्या सल्ल्याला सूरह हूदच्या सहाव्या आयतीचा आधार दिला गेला होता. पृथ्वीवरील प्रत्येक जिवाचे रिज्क अल्लाहकडे आहे, हे निर्विवाद. पण दावणीच्या जनावराचे रिज्क त्याने दावणीच्या मालकाच्या हातून नेमलेले आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस सर्वांना ठाऊक आहे. तिचा दोष असा सांगितला आहे की तिने खायलाही दिले नाही आणि किडामुंगी खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. काही लोक यातून ‘मोकळे सोडले तर सुटलो’ असा अर्थ काढतात. मांजर शिकार करून जगते. जिचे दात झिजले आहेत, जिला कडबाही चावत नाही, जी दहा पावले चालू शकत नाही, तिला मंगळवेढ्याच्या उन्हाळी माळावर सोडणे म्हणजे कोंडण्याचाच प्रकार, फक्त भिंती दूरच्या. देशाच्या कायद्यानेही, म्हणजे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे गुन्हा ठरवले आहे.

तिसरा सल्ला सर्वांत अवघड, आणि त्यावर मी सर्वाधिक वेळ घालवला. मनुष्याच्या बाबतीत शरीयतचा निर्णय ठाम आहे: वेदना कितीही असोत, जीव घेता येत नाही. जनावराच्या बाबतीत हनफी फकीहांनी वाट ठेवली आहे. फतावा आलमगिरीत आजारी पडलेल्या आणि निरुपयोगी झालेल्या गाढवाचा मसला येतो. असे गाढव जबह करून त्यापासून मोकळे होण्यास हरकत नाही, असा त्याचा आशय आहे. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, हा ग्रंथ ज्याच्या आदेशाने सिद्ध झाला त्या बादशाह औरंगजेबाची छावणी १६९५ पासून काही वर्षे आपल्याच तालुक्यात भीमेकाठी, ब्रह्मपुरी-माचणूरला होती. त्या छावणीत मोडल्या पायाचे घोडे रोजचेच असणार. आमच्या गृहस्थांचा प्रश्न या मातीला नवा नाही. शाफई फकीह रमली यांनी मात्र अभक्ष्य जनावराला, गाढवासारख्याला, केवळ वेदनेतून सोडवण्यासाठी मारणेही निषिद्ध मानले. घोडा त्यांच्या मजहबमध्ये भक्ष्य असल्याने त्यांच्याकडे हा प्रश्न वेगळ्या दाराने येतो, तेव्हा कोकणातील शाफई बांधवांनी आपल्या आलिमांनाच विचारावे.

हनफी परवानगी वाचल्यावर सुरुवातीला मला हायसे वाटले. उत्तर सापडले! मग पुन्हा वाचताना अडखळलो. मोकळे होणार कोण? जनावर वेदनेतून की मालक खर्चातून? पुस्तकातील अक्षरे दोन्ही अर्थांना जागा देतात, पण दारिमींची हदीस समोर ठेवली तर दुसऱ्या अर्थाने त्या परवानगीवर हात ठेवणे मला धाडसाचे वाटते. म्हणून मी त्यांना असे सांगितले. जोवर वेदना औषधाने आटोक्यात राहतात, ती खाते-पिते, उठते, तोवर खर्चाचा कंटाळा हे कारण होऊ शकत नाही. जेव्हा डॉक्टर सांगतील की आता आराम पडण्याची आशा नाही, ती उठेनाशी होईल, खाणे सोडेल, तेव्हा तिला वेदनेत ताटकळत ठेवणे हेही तिच्या हक्काविरुद्ध आहे. घोड्याच्या देहाची रचनाच अशी की तो फार वेळ आडवा पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाने त्याचे स्नायू आणि फुफ्फुसे निकामी होऊ लागतात. त्या वेळी परवानगी वापरावी. आणि ती कशी वापरावी, यासाठी हजरत शद्दाद बिन औस (र.) यांची मुस्लिममधील हदीस आहे: अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीत, बंधनकारक केली आहे, जीव घेतानाही. आधी शांत करणारे औषध आणि मग बेशुद्धीच्या औषधाची मोठी मात्रा, ही डॉक्टरांची पद्धत मला या हदीसच्या आशयाशी जुळणारी वाटते. काही मुफ्ती सुईपेक्षा जबह अधिक योग्य मानतात, त्यांचेही मत आदरणीय आहे. सुई दिलेले जनावर मात्र उघड्यावर टाकू नये. ते औषध मांसात राहते आणि खाणारी कुत्री, घारी मरतात. खोल खड्डा घ्यावा.

खर्चाचाही प्रश्न त्यांनी संकोचाने काढला. बायको, मुले, आई-वडील यांचा नफका आधी, यात शंका नाही. जकात जनावराच्या औषधावर लावता येत नाही, ती माणसाच्या मालकीत द्यावी लागते. पण मालक स्वतः जकातीस पात्र असेल तर त्याला देता येते आणि मग तो ती आपल्या गरजेवर खर्च करू शकतो. नफली सदका तर जनावरासाठी थेट चालतो. तहानेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्याची क्षमा झाली, तेव्हा सहाबांनी जनावरांतही आम्हाला सवाब आहे का असे विचारले होते आणि उत्तर होकारार्थी मिळाले होते. मोहल्ल्यातील चार जणांनी महिन्याची औषधे वाटून घेतली. नालबंदाने खुरे छाटण्याचे पैसे घेतले नाहीत.

एक गोष्ट येथे लिहिणे आवश्यक आहे, कारण ती वाचणाऱ्या घोडेवाल्यांच्या उपयोगी पडेल. डॉक्टरांनी चंदी बंद करायला सांगितली तेव्हा घरातील वृद्ध आई ऐकेनात. आपला भाग ज्वारीचा. पाहुण्याला भाकर आणि घोडीला मूठभर जास्त दाणा, ही माया. वरातीतही हौसेने लोक तिला भिजवलेली हरभऱ्याची डाळ ओंजळी-ओंजळीने चारत. दाणा जास्त झाला की घोड्याचे पोट बिघडते आणि तोच बिघाड खुरांत उतरतो. म्हाताऱ्या घोड्यात तर लवकर. हजरत तमीम दारी (र.) घरात माणसे असतानाही आपल्या घोड्याचे जव स्वतः निवडत असत. त्यांचे ते निवडणे मला आता वेगळ्या अर्थाने कळते: काय घालायचे हे पाहणे आणि काय घालायचे नाही हेही पाहणे. आईंना हे पटवायला मला घरी जावे लागले. आजारी माणसाला आपण पथ्य पाळायला लावतो, तसेच हे, असे म्हटल्यावर त्या उठल्या आणि दाण्याचा डबा त्यांनी कुलुपात ठेवला. पुढे घोडीला भिजवून मऊ केलेला कोंडा आणि बारीक कापलेला हिरवा चारा मिळू लागला. पडवीत तिच्या पायांखाली भुशाचा जाड थर आला.

अशी ती जवळजवळ तीन महिने निघाली. मुहर्रम उजाडला, पाऊस झाला, पंढरपूरकडे दिंड्या जाऊ लागल्या. त्या आठवड्यात ती एका रात्री बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. मी तेथे होतो. गृहस्थांनी तिचे डोके मांडीवर घेतले होते आणि ते कानामागे बोटे फिरवीत होते. काही मिनिटांत सारे शांत झाले. एका मित्राच्या शेतात, पावसाने मऊ झालेल्या जमिनीत, खड्डा घेतला.

त्याच दिवशी मगरिबनंतर ते पुन्हा हौदाच्या कठड्यावर बसले. म्हणाले, “मौलाना, जनावरांचाही हिशेब होतो ना?” मुस्लिममध्ये जी हदीस आहे ती मी सांगितली: कियामतच्या दिवशी हक्क हक्कदारांना इतक्या चोखपणे परत दिले जातील की शिंगे नसलेल्या मेंढीला शिंगे असलेल्या मेंढीकडून बदला मिळेल. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की नऊ वर्षांपूर्वी एका लग्नाचा इसार घेतलेला होता. घोडी त्या दिवशी लंगडत होती. पैसे परत द्यायला नव्हते, म्हणून खुराला पट्टी बांधून, वर झूल सोडून तिला नेले. रात्री दोन वाजेपर्यंत ती बँडपुढे उभी होती.

“हे ती सांगेल का?”

मी त्यांना तौबाबद्दल सांगू लागलो. ते ऐकत होते, पण त्यांची नजर चपला काढण्याच्या जागेकडे होती, जिथे त्यांची धाकटी मुलगी हातात रिकामे घमेले घेऊन त्यांना बोलवायला आली होती. इशाची अजान झाली तेव्हा मुलीला घरी पाठवून आम्ही दोघे आत गेलो.